आधी वाफसा बघ

बेटा,

तू पाठवलेले फोटो तीनदा बघितले. वांग्याची पानं पिवळी, मिरचीनं मान टाकलेली, अन् खाली तुझी ती लांबलचक यादी. कोकोपीट, बारा ग्रो बॅग, टायमरवालं ड्रीप, तीन औषधं, एकवीस जातीचं बी. पावसाळ्यात सगळं नव्यानं करायचंय काका, आधी काय घेऊ, म्हणून विचारलंस. काहीच घेऊ नको. आत्ता उठ, वांग्याच्या बुडापाशी दोन पेरं बोट खुपस अन् काय लागतंय ते मला सांग.

चिखलच लागंल. वर भेगा अन् खाली चिखल, आपली काळी माती अशीच फसवते, मे महिन्याच्या उन्हात वरचा इंचभर थर कडक होतो, आपल्याला वाटतं झाड तहानलंय, की सोडला पुन्हा पाईप, अन् खाली मुळ्यांना हवाच मिळत नाही. पाणी कमी पडलं तरी झाड मान टाकतं अन् जास्त झालं तरी टाकतं, वरून बघून काही कळत नाही. म्हणून वाफसा बघ, म्हणजे मातीत ओलही अन् हवाही बेताची आहे का ते. बोटाजवळची मूठभर माती घे, दाब, लाडू झाला अन् टिचकीनं फुटला तर वाफसा आहे. हाताला चिकटली तर थांब, लाडूच होईना तर पाणी दे. पेरायचं असो, खुरपायचं असो, खणायचं असो, आधी वाफसा.

माझी आई रोज सकाळी परसात बसून माती चिमटीत घ्यायची. न्हाणीचं पाणी दांडानं अळूला अन् कढीपत्त्याला जायचं, तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या मांडवावर दोडका असायचा. घर बांधलं तेव्हा चिखल होतो म्हणून मीच त्या परसावर फरशी टाकली. आई काही बोलली नाही. दोन वर्षांनी ती गेली, अन् त्यानंतर कधीतरी एका उन्हाळ्यात ती फरशी मीच घणानं फोडली. खालची माती विटेसारखी झालेली. पहिला पाऊस पडला तसं घाईघाईत ओल्यातच फावडं घातलं, त्याची जी ढेकळं झाली ती दिवाळीपर्यंत फुटली नाहीत. विचारायला आई नव्हती. तुला मी आहे, तर ऐक ना बाबा जरा!

एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, पाचेक लाख लिटर. त्या उन्हाळ्यात गल्लीत मला लोक तोंडावर बोलले की प्यायला थेंब नाही अन् हा माणूस झाडं जगवतोय. टँकरचं पाणी मी झाडाला एकदाही घातलं नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं, दिवसाला एक बादली, वर सोयाबीनच्या भुसकटाचा चार बोटं थर, अन् बोटाला ओल लागली तर ती बादलीसुद्धा दुसऱ्या दिवशी. चार वांगी अन् कढीपत्ता जगला. माझं काही चुकलं नव्हतं, आजही कोणी म्हणलं तर मी भांडतो. चुकलं ते एवढंच की रागात होतो म्हणून त्यातलं एक वांगंही शेजारी दिलं नाही. ते अजून टोचतं.

तर आता पावसाळ्याचं. मृग लागतो 7-8 जूनला, पाऊस यायच्या आधीच, वाफसा बघून, गादीवाफे करून घे, तीन फूट रुंद, वीतभर उंच, मधल्या चरांचा उतार गेटकडं, नाहीतर काळ्या रानात पाणी साचून मुळ्या सडतात. शेणखत पूर्ण कुजलेलंच, कच्च्यासोबत हुमणी, म्हणजे मुळ्या खाणारी अळी येते. बी एकवीस जातीचं कामून पाहिजे? भेंडी, गवार, चवळी, एक दोडका, चार वांगी, लई झालं. वांग्याचं बी आत्ताच ट्रेमध्ये टाक, पाच-सहा आठवड्यांत रोप लावायला येतं. भेंडीत परभणी क्रांती मिळाली तर बघ, आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठानं केवड्याला, म्हणजे पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला तग धरावी म्हणून काढलेली जात आहे, संकरित नाही, त्यामुळं दोन चांगल्या झाडांच्या शेंगा वाळू दिल्या की पुढच्या वर्षीचं बी घरचं. कोथिंबिरीची घाई नको, झडीत सडते.

अन् पहिला पाऊस पडला की तू लगेच बी घेऊन पळशील, मला माहितीय. पळू नको. उघडीप पडू दे, माती मुठीत घे, लाडू फुटू दे. ड्रीप घे पाहिजे तर, टायमर नको, त्याला रात्री पाऊस पडलेला कळत नाही.

तुराट्या विकत घेऊ नको, माझ्याकडं दोन पेंढ्या आहेत, रविवारी घेऊन येतो. तोपर्यंत पाईप बंद ठेव, अन् बोटाला काय लागलं ते आज संध्याकाळी फोन करून सांग.

— काका