प्रॉक्समार्कच्या ट्रेसमधले स्टार्ट-एंडचे आकडे कसे वाचायचे?

प्रॉक्समार्क म्हणजे आरएफआयडी कार्डं तपासायचं यंत्र, आणि ट्रेस म्हणजे त्यानं टिपलेला रीडर आणि कार्डाचा संवाद. त्यातले आकडे तुम्ही मायक्रोसेकंद धरलेत, आणि उत्तराचा उशीर दोन वेगळ्या आकड्यांत दिसतो म्हणून कार्ड बिघडलंय का, असं विचारलंत. ते मायक्रोसेकंद नव्हेत, तिथंच घोळ झालाय. उद्यमबागेतल्या कंपनीच्या हजेरी कार्डाचा १४४४३-ए (जवळून वाचायच्या बिनस्पर्श कार्डांचं आयएसओ मानक) ट्रेस तुम्ही टाकलाय. त्यातले आकडे म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झ कॅरिअरची, म्हणजे रीडरच्या वाहक लहरीची, आवर्तनं. एक आवर्तन सुमारे ७३.७ नॅनोसेकंदांचं, आणि १०६ केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) वेगाला एक बिट १२८ आवर्तनांचा.

खरी गंमत दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. कार्डाच्या ओळीच्या स्टार्टमधून आधीच्या रीडर-ओळीचा एंड वजा करा. आरईक्यूए (कोणी कार्ड आहे का, ही हाक), अँटिकोलिजन (अनेक कार्डांतून एक वेगळं काढणं), सिलेक्ट (ते कार्ड निवडणं) या रीडरच्या आज्ञांना कार्डानं ठरल्या क्षणीच उत्तर द्यायचं असतं: रीडरचा शेवटचा बिट ० असेल तर ११७२ आवर्तनं, १ असेल तर १२३६. म्हणजे साधारण ८६ किंवा ९१ मायक्रोसेकंद. तुमच्याकडे दोन्ही दिसतात, म्हणून कार्ड बिघडलंय असं काही नाही.

पुढच्या आज्ञांना, म्हणजे ऑथेंटिकेशन (ओळख पटवणं), वाचन वगैरेंना, एवढी सक्ती नाही. तिथं उशीर १२८-१२८ आवर्तनांच्या पायऱ्यांनी वाढतो. मात्र सिलेक्टलाच उत्तर फार उशिरा येत असेल, तर मध्ये एम्युलेटर (कार्डाची नक्कल करणारं यंत्र) किंवा रिले (दूरच्या कार्डाचे संदेश पुढे पोचवणारं यंत्र) असल्याचा संशय घ्या.

आणि हो, कार्ड कंपनीचं आहे. तपासण्याआधी कंपनीला विचारून घ्या!