शेक संपला, मग खोकला आता कसा?

प्रश्न : वडिलांना (वय 63) फुप्फुसाचा कर्करोग आहे. 30 सिटिंगमध्ये 60 ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन झाला, त्याला अडीच महिने झाले. महिन्यापूर्वी कोरडा खोकला सुरू झाला, अंगात कणकण, एक जिना चढला की धाप. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक शून्य. सीटी स्कॅनमध्ये डाग दिसला आणि घरात रडारड झाली. मग शेकाच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन सुरू केले. दहा दिवसांत बाबा खडखडीत झाले. आता म्हणतात, स्टिरॉइड वाईट असतं, गोळ्या बंद करतो. करू द्यावं का?

उत्तर : नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं बाकीचं पुराण वाचून होईपर्यंत ते गोळ्या कचऱ्यात टाकतील.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. अशाच एका शिक्षकांचा खोकला थांबला म्हणून मी खुशीत येऊन दोन आठवड्यांत डोस शून्यावर आणला. नवव्या दिवशी ते व्हीलचेअरवरून परत आले, नाकात ऑक्सिजनची नळी. धापा टाकत मला म्हणाले, "उतार लागला म्हणून ब्रेकच काढलेत का, मॅडम?" तेव्हापासून डोस उतरवायचा कागद मी तारखा घालून स्वतःच्या हाताने लिहून देते.

वडिलांना झालंय त्याला रेडिएशन न्यूमोनायटिस म्हणतात. म्हणजे जंतूंशिवाय आलेली फुप्फुसाची सूज. अँटिबायोटिकने फरक पडला नाही तो त्यामुळेच. शेक संपल्यावर साधारण एक ते सहा महिन्यांत ती येते, आणि घोटाळा इथेच होतो. तोवर फाइल कपाटात गेलेली असते, आणि खोकल्यासाठी ज्या डॉक्टरांकडे जातो त्यांना शेकाचं कुणी सांगतच नाही. उशीर का होतो? वायुकोशांच्या आतून एक निसरडा थर असतो, तो असल्यामुळे श्वास सोडताना ते मिटून चिकटत नाहीत. हा थर बनवणाऱ्या आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींना किरणांचा मार बसतो, पण त्या लगेच मरत नाहीत. पुढे विभागायची वेळ आली की कोसळतात. मग त्या जागी सूज भडकते.

"डाग" म्हणजे कर्करोग परत आला असं लगेच धरू नका. जंतूंचा न्यूमोनिया बहुधा फुप्फुसाच्या खंडाची सीमा पाळतो. शेकाचा डाग किरण जिथून गेले तिथे उमटतो, कधी कधी पट्टीने आखल्यासारखा. म्हणून आम्ही उपचाराचा नकाशा स्कॅनशेजारी ठेवून बघतो. तरीही जंतुसंसर्ग, क्षय, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतली गुठळी, हृदयाचा त्रास आणि हो, कर्करोगही, हे सगळं नाही याची खात्री करावीच लागते. ही सूज सिद्ध करणारी एकच अशी तपासणी नाही.

आता गोळ्या. स्टिरॉइड जखम भरत नाही, भडका दाबून धरतं; दुरुस्ती शरीर करतं आणि त्याला वेळ लागतो. साधारणपणे वजनाच्या दर किलोला रोज 1 मिलिग्रॅम असा डोस दोनेक आठवडे, मग पायरीपायरीने सहा ते बारा आठवड्यांत खाली. उतरवताना खोकला परतला तर डोस आणखी उतरवू नका आणि फोन करा, मनाने डोस वाढवूही नका. रक्तातली साखर तपासत राहा. तोंडात पांढरा थर दिसला तर सांगा. डोस 20 मिलिग्रॅम किंवा जास्त, महिनाभर चालणार असेल तर एका विशिष्ट न्यूमोनियापासून बचावासाठी बहुधा को-ट्रायमॉक्साझोल जोडतात, त्याबद्दल विचारा. ड्युरव्हॅलुमॅबसारखी इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारा उपचार) चालू असेल किंवा ठरली असेल, तर त्या डॉक्टरांना पुढच्या डोसआधी हा खोकला कळलाच पाहिजे, कारण तिनेही फुप्फुसं सुजतात. आणि विडी-सिगारेट ओढत असतील तर ती बंद. यावर मी वाद घालत नाही.

सहा महिने ते दोन वर्षांत त्या जागी व्रण पडू शकतो, म्हणजे फायब्रोसिस. तो स्टिरॉइडने विरघळत नाही. तिथे रोजचं चालणं, श्वासाचे व्यायाम, फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी, लागलाच तर ऑक्सिजन. निंटेडॅनिब, पिरफेनिडोन ही औषधं दुसऱ्या प्रकारच्या फायब्रोसिसमध्ये वापरतात. शेकाच्या व्रणासाठी पुरेसा पुरावा नाही, म्हणून मी ती सरसकट लिहीत नाही.

प्रश्न : आईला डाव्या स्तनासाठी पुढच्या आठवड्यात शेक सुरू होणार आहे. फुप्फुस वाचवायला आधी काही औषध घेता येईल?

उत्तर : आईंना गोळी नको, बचाव नियोजनात असतो. स्तनाच्या शेकात सहसा फुप्फुसाची पुढची चिंचोळी पट्टीच किरणांत येते, त्यामुळे ही सूज कमी जणींना येते. डॉक्टरांना विचारा, "व्ही-ट्वेंटी किती आहे?" म्हणजे 20 ग्रे किंवा जास्त मात्रा फुप्फुसाच्या किती टक्के भागाला मिळणार. (फुप्फुसाच्या कर्करोगात दोन्ही फुप्फुसं मिळून हा आकडा 35 टक्क्यांच्या आत ठेवायची धडपड असते.) खोल श्वास रोखून शेक घेता येईल का, हेही विचारा. ही युक्ती मुख्यतः हृदयासाठी, पण फुप्फुसालाही फायदा होतो. घरी बसून वीस सेकंद श्वास धरायचा सराव आजपासून करू द्या. फुप्फुसाचा जुना आजार असेल तर तो आत्ताच सांगा. "फुप्फुस शुद्ध करणाऱ्या" पावडरी मात्र नकोत.

प्रश्न : अणुदुर्घटना झाली तर आयोडीनच्या गोळीने फुप्फुस वाचतं का?

उत्तर : नाही. ती फक्त थायरॉइड ग्रंथी वाचवते, तेही फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून. प्लुटोनियमची धूळ श्वासातून गेली तर डीटीपीए नावाचं वेगळं औषध देतात. ते रक्तात उतरलेलं प्लुटोनियम पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. जितक्या लवकर, तितकं जास्त.