हावडा पुलात एकही नट-बोल्ट नाही हे खरं का? आणि इंग्रज नसते तर हुगळीवर असा पूल झाला असता का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. हो, खरं आहे. मुख्य सांगाड्याचे सगळे जोड रिव्हेटचे, म्हणजे तापवून ठोकलेल्या, एका टोकाला डोकं असलेल्या पोलादी खिळ्यांचे आहेत. पण यात चमत्कार काही नाही. त्या काळातले बहुतेक सगळे मोठे पोलादी पूल रिव्हेटचेच आहेत: सिडनीचा हार्बर ब्रिज (१९३२), स्कॉटलंडचा फोर्थ (१८९०), आपल्याकडचे जुने रेल्वे गर्डर. जास्त ताणाचे बोल्ट पुलांच्या कामात रुळले ते १९५० नंतर. शिवाय रिव्हेटचा पूल उभा करतानाही बोल्ट लागतातच. पट्ट्या एकमेकींवर बसवून आधी काही भोकांत तात्पुरते बोल्ट आणि ड्रिफ्ट (भोकं जुळवणाऱ्या निमुळत्या खुंट्या) ठोकतात, उरलेल्या भोकांत रिव्हेट मारतात, मग बोल्ट एकेक काढून त्या जागीही रिव्हेट. तयार पुलात ते दिसत नाहीत, एवढंच.

रिव्हेट बसतो कसा, हे मात्र समजून घ्यायला हवं. भोक रिव्हेटपेक्षा साधारण दीड मिलिमीटर मोठं असतं. रिव्हेट भट्टीत नारिंगी-पिवळा होईपर्यंत तापवतात. एक जण तो चिमट्यानं फेकतो, दुसरा बादलीत झेलून भोकात घालतो, तिसरा तयार डोक्यामागे डॉली (टेकू देणारा जड पोलादी दांडा) दाबून धरतो आणि चौथा हवेच्या हातोड्यानं दुसऱ्या बाजूचं डोकं घडवतो. ठोकताना दांडा फुगून भोक भरतो, निवताना आखडतो आणि पट्ट्या आवळून धरतो. खरी ताकद या आवळण्यात आहे. रिव्हेट जास्त तापला, ठिणग्या उडू लागल्या, की तो जळला, तो टाकून द्यायचा. ठोकायला उशीर झाला तर तो निम्मा निवतो, भोक भरत नाही आणि पुढे ढिला होतो. ढिला रिव्हेट ओळखायची पद्धत आजही तीच आहे: एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूनं छोट्या हातोडीनं टिचकी द्यायची. घट्ट असेल तर हातोडी उसळते, ढिला असेल तर बोटाला थरथर लागते आणि आवाज बद्द येतो. डोक्याखालून तांबूस ओघळ दिसला तर टिचकी मारायच्या आधीच शंका घ्यावी.

आता मला खटकणारी गोष्ट. हावडा पुलाचं कौतुक करणारे नट-बोल्टपाशी थांबतात. मी पोलादी पुलांच्या कामात आहे आणि माझं मत स्पष्ट आहे: या पुलाचं अवघड काम जमिनीखाली आहे, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.

हुगळीचा तळ म्हणजे खोलवर गाळ. १८६२ साली ईस्ट इंडियन रेल्वेचे मुख्य अभियंता जॉर्ज टर्नबुल यांना पुलाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी कलकत्त्याजवळ गाळात फार मोठे पाये लागतील असं सांगून वरच्या अंगाला पुल्टा घाट सुचवला. तोवर दोन्ही काठांवर धंदा वाढत होता. रिशड्याला १८५५ मध्ये पहिली ताग गिरणी निघाली होती, हावड्याला रेल्वे आली होती, आणि रेल्वेतून उतरलेला माल व माणसं नावेनं पलीकडे जात होती. म्हणून ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी पायाची भानगडच टाळली. त्यांनी १८७४ मध्ये तरंगता पूल केला, १,५२८ फूट लांब. त्याचे भाग इंग्लंडहून आले. पूर्ण व्हायच्या आधीच मार्चमधल्या वादळात इजेरिया नावाची आगबोट दोर तोडून त्यावर आदळली, तीन तराफे बुडाले आणि जवळपास २०० फूट पुलाची मोडतोड झाली. तरी तो चालला, जवळजवळ सत्तर वर्षं. त्याच्या अडचणी मात्र मूळच्याच होत्या. जहाजांसाठी मधला २०० फुटांचा भाग उघडला की रस्ता बंद. १९०६ पर्यंत तो फक्त दिवसाच उघडत. भरती-ओहोटीला पूल वरखाली होई आणि काठाकडचे चढ बैलगाड्यांना जड जात.

नव्या पुलाला नदीत एकही खांब नको, हा निर्णय याच अनुभवातून आला. खांब घातला तर गाळ साचणार आणि जहाजांची वाट अडणार. म्हणून कँटिलिव्हर, म्हणजे दोन्ही काठांवरून पुढे आलेल्या हातांचा पूल. मधला गाळा (दोन मनोऱ्यांमधलं अंतर) १,५०० फूट, म्हणजे ४५७ मीटर. दोन्हीकडून ४६८ फुटांचे हात पुढे आलेले आणि त्यांच्यामध्ये ५६४ फुटांचा टांगता भाग. मागे ३२५ फुटांचे नांगर-हात, जे पुढचं वजन तोलतात. रस्ता वरच्या सांगाड्याला हँगरच्या, म्हणजे उभ्या पोलादी टांगण्यांच्या, ३९ जोड्यांनी लटकवलेला आहे.

हे सगळं वजन दोन मनोऱ्यांखालून काठावरच्या गाळात उतरतं. प्रत्येक मनोऱ्याखाली एक अखंड केसन (जमिनीत उतरवलेला पायाचा पोकळ ठोकळा) आहे, ५५.३१ मीटर लांब आणि २४.८ मीटर रुंद, आत २१ चौकोनी विहिरी, प्रत्येक सव्वासहा मीटरची. आपल्याकडे पुलाला विहीर-पाया घालतात त्याचंच हे प्रचंड रूप. विहिरींतून ग्रॅबनं (यारीच्या जबड्यानं) गाळ उपसायचा, म्हणजे खालच्या धारेखालची माती सुटते आणि केसन स्वतःच्या वजनानं खाली जातो. रात्रंदिवस काम, दिवसाला फूटभर किंवा थोडा जास्त. गाळाबरोबर नांगर, तोफा, तोफगोळे, पितळी भांडी, कंपनी सरकारची नाणी वर येत होती.

यात चुकतं कुठे? एका बाजूचा गाळ जास्त उपसला की केसन कलतो, आणि एवढा मोठा ठोकळा एकदा कलला की सरळ करणं महाकठीण. म्हणून फार मऊ माती लागली की अक्षाच्या दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या विहिरी मुद्दाम न उपसता ठेवत, म्हणजे बैठक सारखी राहते. उलट चिकणमाती घट्ट लागली तर केसन बाहेरच्या भिंतींच्या घर्षणावर अडून राहतो, मग आतल्या विहिरी धारेखालपर्यंत पोकळ कराव्या लागतात. अशात तो एकदम सुटतो. एका रात्री तसंच झालं. उपसा चालू असताना खालची जमीन दबली आणि अख्खा केसन दोन फूट कोसळला. खिदिरपूरच्या भूकंपमापकावर त्याची नोंद भूकंप म्हणून झाली आणि काठावरचं एक देऊळ पडलं. ते नंतर परत बांधून दिलं.

हावड्याच्या बाजूचा केसन उघड्या उपशानं उतरला, २६.५३ मीटर. कलकत्त्याच्या बाजूला वाहती वाळू लागली. अशी वाळू उपसावी तेवढी बाजूनं आत येते, आणि बाहेरची जमीन खचते. तिथे विहिरी बंद करून आत दाबलेली हवा भरावी लागली, चौरस इंचाला सुमारे ४० पौंड. साधारण २८ मीटर पाण्याचा दाब तेवढा असतो, म्हणजे बाहेरचं पाणी अडवायला तेवढी हवा हवीच. अशा दाबात काम केलेला माणूस घाईनं बाहेर आला तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, जीवही जातो. म्हणून दाब हळूहळू उतरवावा लागतो. या कामावर सुमारे ५०० माणसं होती. तो केसन ३१.४१ मीटरवर टेकला. नोव्हेंबर १९३८ मध्ये पाये पूर्ण झाले, आणि ठरल्या जागेपासूनचा फरक ५० ते ७५ मिलिमीटर! आज उपकरणं असूनही विहीर-पाये याहून जास्त सरकतात, ही आमच्या क्षेत्रातली रोजची गोष्ट आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘इंग्रजांनी बांधला’ हे वाक्य मला मान्य नाही. पूल ज्याच्या सहीच्या नकाशावर असतो त्याचा, की ज्यांनी घडवला त्यांचा, हा वाद आमच्यात जुना आहे आणि मी दुसऱ्या बाजूचा आहे. एकूण २६,५०० टन पोलादापैकी युद्धामुळे विलायतेहून फक्त ३,००० टन आलं. बाकी २३,००० टनांच्या आसपास टाटांच्या जमशेदपूरचं, त्यातलं जास्त ताणाचं ‘टिस्क्रोम’ पोलाद तर याच पुलासाठी तयार केलेलं. ते कापलं, भोकं पाडली, जोडलं ते ब्रेथवेट, बर्न आणि जेसप या तीन कंपन्यांच्या एकत्र संस्थेनं, कलकत्ता परिसरातल्या चार कारखान्यांत. हावडा हे ओतशाळांचं आणि लेथचं गाव आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची मॅनहोलची झाकणंसुद्धा तिथून गेलेली आहेत. हुगळीवरच वरच्या अंगाला बाली गावाजवळ असलेला पूल (१९३१) बांधणारे रायबहादूर जगमल राजा तर कच्छचे कंत्राटदार. मनगटं इथलीच होती. डिसेंबर १९४१ मध्ये टांगत्या भागाचे दोन-दोन हजार टनांचे अर्धे भाग तयार झाले, ते ८०० टनी १६ जॅक लावून जुळवले, आणि ३ फेब्रुवारी १९४३ ला जपानी बॉम्बच्या भीतीनं गाजावाजा न करता पूल उघडला.

एक मान्य करतो: आराखडा लंडनच्या रेंडेल, पामर अँड ट्रिटन यांचा होता आणि उभारणी डार्लिंग्टनच्या क्लीव्हलँड कंपनीची. ते ज्ञान तेव्हा आपल्याकडे नव्हतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. गरज मात्र बंदराची व ताग गिरण्यांची होती, त्यामुळे पूल कुणाच्याही राज्यात झालाच असता असं मला वाटतं.

नागपूर-अकोल्याकडून हावडा मेलनं जाणार असाल तर स्टेशनाबाहेर टॅक्सीत बसून पूल बघू नका. पदपथावरून चाला आणि हँगरचे पाय बघा. त्यांची सहा मिलिमीटरची पोलादी झाकणं पानाच्या पिचकाऱ्यांनी २००७ ते २०११ दरम्यान तीनच्याही खाली झिजली होती, म्हणून फायबरग्लासची आवरणं घातली. मग लाँचनं नदीच्या खालच्या अंगाला जाऊन हुगळीवरचा दुसरा पूल, विद्यासागर सेतू, बघा. १९७९ ते १९९२ एवढा वेळ लागला, त्यावर टीका पुष्कळ झाली, ती रास्तही आहे. पण तो केबलचा पूल असूनही त्याचा पोलादी सांगाडा रिव्हेटचाच आहे, कारण जर्मन अभियंता यॉर्ग श्लाइश यांनी इथल्या कामगारांच्या हातात असलेली पद्धत बघून आराखडा केला. बांधला त्याच ब्रेथवेट-बर्न-जेसपनं. आणि मधला गाळा ४५७ मीटरच.