आधी आवाज बंद करा

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी एका पॉप गाण्याच्या व्हिडिओचं विश्लेषण करायचंय. गायिका मरीन ड्राइव्हवर स्लो मोशनमध्ये चालते, तरी ओठ गाण्याशी अचूक जुळतात. हे कसं? आणि सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, दादर

उत्तर : शूटिंगला गाणं दुप्पट वेगानं वाजवतात. गायिका त्याच वेगानं ओठ हलवते, कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, टिपतो. तेच २५ फ्रेमच्या गतीनं दाखवलं की ओठ मूळ गाण्याशी जुळतात. केस, ओढणी, लाटा मात्र संथ. एखाद्या अक्षराला ओठ मागे पडलेत का, तेही बघा. भरभर गाताना 'प', 'ब', 'म' ला ओठ नीट मिटत नाहीत, चोरी तिथेच पकडली जाते.

विश्लेषणासाठी पहिल्यांदा आवाज बंद ठेवून बघा. गोष्ट कळलीच नाही, तर ती शब्दांच्या भरवशावर आहे. मग प्रत्येक कटची, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो त्या क्षणाची, वेळ लिहून काढा. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या, गाण्यात ठोका अर्ध्या सेकंदाला पडतो. सगळेच कट ठोक्यावर असले की कंटाळा येतो. लेन्स ओळखणं सोपं : मागच्या इमारती पाठीला चिकटल्यासारख्या दिसल्या तर टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी), पुढे केलेला हात अवाढव्य दिसला तर वाइड (रुंद दृश्य टिपणारी). ड्रोन शॉटवर पानं खर्चू नका. बहुतेकदा ते नुसती जागा भरतात.