तुळशीपाशी बसलेली आई

‘ताई, फेब्रुवारीत लेकीचं लग्न झालं. ती नाशिकला, आम्ही दोघं सांगलीत. रात्री जेवणं झाली की मी अल्बम काढून बसतो. गौरीहरापाशी पिवळ्या साडीत बसलेली, मुंडावळ्या सारख्या मागे सारणारी ती डोळ्यांसमोरून हलत नाही. फोनवरही तेच निघतं. परवा म्हणाली, “बाबा, किती वेळा तेच सांगाल?” बायको तर अल्बम काढला की उठून आत जाते. माझं काही चुकतंय का?’

नमस्कार काका,

तुमचं ४ पानी पत्र वर थोडक्यात दिलंय, पण मी ते दोनदा वाचलं. गौरीहराच्या खोलीत तुम्ही डोकावलात तेव्हा लेकीनं विचारलं, ‘बाबा, चहा तरी घेतलात का?’ सकाळपासून उपाशी बसलेल्या पोरीनं! हे ज्याच्या वाट्याला आलं, तो ते विसरेल कसा? आठवणी काढण्यात तुमचं काहीच चुकत नाही.

लेकीचं मात्र ऐका. तिला त्या दिवसाचा कंटाळा आलेला नाही. नव्या घरात आमटीला गूळ किती घालायचा इथपासून तिचं रोज काहीतरी चालू असणार, आणि ते तिला बाबांना सांगायचं असणार. फोन केलात की आधी तिचं आजचं विचारा. लग्नाचा विषय कधीतरी तीच काढेल.

पण खरं बोलायचंय ते काकूंबद्दल. पत्रात तुम्ही लिहिलंय की मंगलाष्टकं चालू असताना लेकीनं अंतरपाटाआडून मान वाकडी करून तुम्हाला शोधलं, नजरानजर झाली आणि तुमच्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. लगेच पुढच्या ओळीत, जाता जाता: ‘ही तेव्हा पद्धतीप्रमाणे तुळशीपाशी होती.’

त्या ओळीवर मी अडले. आपल्याकडे कितीतरी घरांत लग्न लागताना मुलीच्या आईनं समोर थांबायचं नसतं. ती तुळशीला पाणी घालत बसते. ‘शुभमंगल सावधान’ तिला भिंतीपलीकडून ऐकू येतं, टाळ्या आणि वाजंत्री सुरू झाली की लग्न लागलं एवढं कळतं. ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. जिनं लेकीला वाढवलं, तिनंच तो क्षण का चुकवायचा? म्हणजे काका, तुम्ही रोज रात्री जो क्षण पुन्हा पुन्हा जगता, तो काकूंनी पाहिलेलाच नाही. त्या उठून जातात त्या कंटाळून, असं मला वाटत नाही. त्यांना कुणी सांगितलंय का, लेकीची मान कशी वळली, डोळे कसे होते?

लेकीला जे दहा वेळा सांगितलंत, ते काकूंना एकदा सांगा. आज अल्बम काढाल तेव्हा त्यांना हाताला धरून शेजारी बसवा आणि अंतरपाटाच्या फोटोशी थांबा. घाई करू नका. मग कन्यादानाचा फोटो येईल. जावयाचं ३ वेळा म्हटलेलं ‘नातिचरामि’ तुम्ही पत्रात लिहिलंय, तुमच्या हातांवरची पाण्याची धार नाही लिहिलेली. तिथे तुम्ही गप्प बसा आणि काकूंना बोलू द्या. झारी त्यांच्या हातात होती.