तरंगता रंगमंच बांधायचाय? अकरावीत गणित सोडू नका

प्रश्न : मुलगी दहावी झाली. शहरातल्या नदीवर तरंगणारे, सुटे करून पुन्हा हवे तसे जोडता येणारे नाट्यमंच बांधायचे म्हणते. अशी डिग्री असते का? गणित सोडून बायोलॉजी घेतलं तर चालेल?
— एक पालक, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर : भाऊ, या नावाची डिग्री शोधत बसू नका. वाटा दोन : बी.आर्क. (वास्तुकलेची पदवी) किंवा नौकाबांधणीचं बी.टेक. दोन्हीकडे गणित लागतंच, म्हणून फिजिक्स-केमिस्ट्री-गणित ठेवा. बी.आर्क. पाच वर्षांचं, त्यासाठी नाटा ही प्रवेशपरीक्षा. नागपूरच्या व्हीएनआयटीला जेईई मेनचा वास्तुकलेचा पेपर. नौकाबांधणी कोचीच्या कुसाट विद्यापीठात, विशाखापट्टणमच्या इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीत. तिला मंच आणि प्रेक्षक खुणावत असतील तर आधी बी.आर्क.

आता कामाचं. मंच रिकाम्या ड्रमांवर तरंगवायचा. 200 लिटरचा बंद प्लॅस्टिक ड्रम पूर्ण बुडाला तर साधारण 200 किलो उचलतो. 16 ड्रम म्हणजे 3200 किलो. पण ड्रम अर्धेच बुडू द्यायचे, म्हणजे 1600. त्यातून ड्रमांचे दीडशे आणि सांगाडा-फळ्यांचे सहाशे वजा करा. उरले साडेआठशे किलो, म्हणजे जेमतेम तेरा माणसं! झाडीपट्टीच्या नाटकाला किती गर्दी जमते, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

बुडण्यापेक्षा धोका कलण्याचा. नाटकाच्या एखाद्या प्रवेशाला सगळे एका कडेला सरकले की ती कड पाण्याखाली जाते. लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर कलण्याला होणारा मुख्य विरोध आठपट होतो. म्हणून सुटे तराफे घट्ट जोडून रुंद करतात. नुसती बिजागरी लावली तर प्रत्येक तराफा आपापला कलतो. मंच जागेवर राहावा म्हणून आखूड दोर ताणून बांधला तर पाणी चढताच तो कड खाली ओढतो. उभ्या खांबावर वरखाली सरकणारी कडी हवी. जलपर्णी साचली की प्रवाहाचा रेटा वाढतो, तो वेगळाच.

इटालियन वास्तुकार आल्डो रॉसी यांनी 1979 मध्ये व्हेनिससाठी बार्जवर (सपाट तळाच्या नावेवर) लोखंडी पाइप आणि लाकडाचं नाट्यगृह उभारलं, पुढे ते सुटं करण्यात आलं. उलट नायजेरियातल्या लागोसच्या मकोको वस्तीतली तरंगती शाळा 2016 च्या जोरदार पावसात कोसळली. दोन्हींचे आराखडे तिला शोधून पाहू द्या.

सुट्टीत घरच्या टाक्यात एक लिटरच्या सहा रिकाम्या बाटल्या बूच लावून पातळ फळीखाली मधोमध बांधायला सांगा. दोन किलो धानाची पिशवी आधी मध्ये, मग कडेला. त्यानंतर बाटल्या मधून काढून कडांना बांधायच्या आणि पिशवी पुन्हा कडेला. प्रत्येक वेळी फळी किती कलली ते पट्टीनं मोजून वहीत लिहायचं. ही मोजणी तिला कंटाळवाणी वाटली नाही, तर नाटाची तयारी अकरावीपासूनच लावा.