शिकलेल्या, शहरी समाजात भेदभाव आजही कसा रुजतो आणि टिकतो?

"खेड्यात असेल, पण शहरात आता कोण जात विचारतं?" असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, म्हणून उत्तर द्यायला बसलो. शहरात विचारतात. भाड्याने घर शोधायला निघा म्हणजे कळेल.

पुण्यात कोथरूडच्या बाजूला एक टू बीएचके आम्हाला पसंत पडला होता. घरमालकीण काकू निवृत्त शिक्षिका, बोलायला गोड. चहा झाला, बायकोने ओटा, गॅलरी, पाण्याची वेळ सगळं पाहून घेतलं, भाडं-डिपॉझिट ठरलं. करारासाठी एजंटने आधार कार्ड मागितली. काकूंनी चष्मा लावून माझं कार्ड वाचलं आणि विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?" लातूरकडचे. "हो, पण म्हणजे... तुमच्यात कोण?" मी सांगितलं, आम्ही बौद्ध. त्यांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं. "मला काहीच नाही हो, मी आयुष्यभर सगळ्यांची मुलं शिकवली. पण सासूबाई असतात इथे, त्यांना नाही चालत. आणि सोसायटीतले लोकही..."

संध्याकाळी एजंटचा फोन आला, काकूंचा भाचा राहायला येतोय म्हणे. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं. ते म्हणाले, आमचा असा काही नियमच नाही, मालकांचा प्रश्न आहे. भाचा काही आला नाही, जाहिरात मात्र पुढेही दिसत राहिली.

भेदभाव टिकतो तो असा. करणारा कधी 'मी' म्हणतच नाही. सासूबाईंना चालत नाही, शेजाऱ्यांना चालत नाही, लोकांना चालत नाही. 1917 साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर आलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्या दाखवून बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. दोघेही सुशिक्षित, दोघांचंही 'स्वतःचं' काही नव्हतं. शंभर वर्षांत नोकरांच्या जागी सोसायटी आली, एवढाच फरक.

कायद्याचं म्हणाल तर संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता संपवली. कलम 15 मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांची नावं आहेत, भाड्याच्या घराचं नाही. अ‍ॅट्रॉसिटीचा 1989 चा कायदा आहे, पण भाचा येतोय म्हणणाऱ्या बाईंविरुद्ध तक्रार काय लिहून देणार?

आणि रुजतो कसा? त्या दिवशी काकूंची शाळकरी नात त्याच टेबलाशी गृहपाठ करत बसली होती. एकही वाईट शब्द तिच्या कानावर पडला नाही. आजी कुठल्या उत्तरानंतर गप्प झाली, तेवढं तिने पाहिलं.

माझा थोरला भाऊ म्हणतो, गावावरून आडनाव करून घे, गॅझेटमध्ये छापून आण, कटकट मिटेल. त्याने तसं केलंय, घरही चांगलं मिळालंय. पण त्याच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो नाही, आतल्या खोलीत आहे, कारण हॉलमध्ये शेजारी येऊन बसतात. दादा, तू हे वाचशीलच. कटकट मिटली असती तर तो फोटो बाहेर असता. तुझ्या पोरांना तू आडनाव दिलंस आणि सोबत भीतीही दिलीस. मी नाही बदलणार.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर पुढच्या वेळी तुमच्या घरात "लोकांना चालत नाही" असं कुणी म्हणालं की तिथेच विचारा, कुठल्या लोकांना, नाव सांगा. पाहुण्यांसमोर विचारा.

नाकारलेलं प्रत्येक घर जातीमुळेच जातं असं मी म्हणत नाही. मुसलमानांना, एकट्या राहणाऱ्या मुलींना याहून जास्त दारं बंद मिळतात. आणि आम्ही सध्या राहतो ते घर एका ब्राह्मण कुटुंबाचंच आहे. त्यांनी नोकरी कुठे आहे तेवढं विचारलं आणि चावी दिली.